लाल कूज : तांब्याशेजारच्या दगडाची साक्ष

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर तो जर्मनीत भूविज्ञान शिकावयास गेला होता. फ्रायबेर्ग या गावी १७६५ साली स्थापन झालेले जुने खाणविद्यापीठ आहे, तेथे त्याचे शिक्षण झाले. ‘जय भीम, सर’ म्हणून तो बसला, चहा झाला, वसतिगृहाच्या जुन्या गोष्टी निघाल्या. मग त्याने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तळहाताएवढा दगड काढून आमच्या टेबलावर ठेवला. दगडाची एक बाजू पाटीसारखी काळसर होती, तर दुसरी विटेसारखी लाल. दोहोंमधली रेघ सरळ नव्हती; ओल चढलेल्या भिंतीवर दिसते तशी ती वेडीवाकडी होती.

‘सर, मी नववीत असताना तुम्ही माझी पेटी रिकामी करायला लावली होती, आठवते?’ त्याने हसत विचारले.

आम्हांस चांगलेच आठवत होते. हा मुलगा शाळेमागच्या ओढ्यातून गारगोट्या, लाल मुरुमाचे खडे, पांढऱ्या शिरा असलेले काळे दगड गोळा करून पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवी. तपासणीच्या आदल्या दिवशी ती पेटी उघडली गेली आणि ‘अभ्यास सोडून दगड काय गोळा करतोस?’ असे म्हणून आम्हीच ते सारे मैदानाच्या कडेला टाकावयास लावले. तो काही बोलला नाही. आज त्याने आणलेला दगडही खाणीवाल्यांनी निरुपयोगी म्हणून टाकलेल्या ढिगाऱ्यातलाच होता. मात्र त्या टाकाऊ दगडाच्या लाल रंगात तांब्याच्या मोठमोठ्या साठ्यांचा पत्ता दडलेला आहे, हे त्याने आम्हांस दोन तास समजावून सांगितले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. भूविज्ञान आमचा विषय नव्हे. तरीही जे ऐकले आणि त्यानंतर जे वाचले, ते स्मरणिकेच्या वाचकांसमोर मांडावे असे वाटते. कारण या दगडाची कथा जितकी खनिजांची, तितकीच माणसांचीही आहे.

पाटीसारखा काळा थर

मध्य युरोपात जमिनीखाली एक विलक्षण थर पसरलेला आहे. जर्मन भाषेत त्याला ‘कुप्फरशीफर’ म्हणतात. कुप्फर म्हणजे तांबे, शीफर म्हणजे पाटीसारखा पापुद्र्यांचा दगड. म्हणून आपण त्याला ‘ताम्रपाटी’ म्हणू. सुमारे २५ ते २६ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या उत्तरार्धात, कोरड्या वाळवंटी सखल प्रदेशात समुद्र शिरला. त्या समुद्राच्या तळाशी प्राणवायू नव्हता. मेलेले जीव कुजून नाहीसे झाले नाहीत. त्यांचा कार्बनी अंश चिखलात साठून राहिला आणि चिखल काळा झाला. त्याचाच हा थर. इंग्लंडपासून पोलंडपर्यंत तो आढळतो. जाडी मात्र बहुतेक ठिकाणी एक मीटरही नाही, अनेक ठिकाणी तर जेमतेम अर्धा मीटर. त्यात माशांचे सुबक ठसे सापडतात. सतराव्या शतकात तत्त्वज्ञ लाइबनिट्सनेही या माशांचा अभ्यास करून, ते दगडातील निसर्गाचा खेळ नसून एके काळचे खरे जीव होत, असे प्रतिपादन केले होते.

या थराच्या खाली वाळवंटी काळातील लाल वालुकाश्म आहे आणि वर चुनखडक व मिठाचे जाड थर आहेत. खाली लाल वाळू, मध्ये काळा चिखल, वर मीठ: एवढी रचना वाचकांनी लक्षात ठेवली, तर पुढचे सारे सोपे आहे. ताम्रपाटी सर्वदूर पसरलेली असली तरी खणण्याजोगे तांबे तिच्या अगदी थोड्या भागात आहे. ते नेमके कोठे असेल, हा शेकडो वर्षांचा प्रश्न होता.

वाकलेल्या मानांची माणसे

जर्मनीतील मान्सफेल्ड परगण्यात या थराचे खाणकाम परंपरेनुसार ११९९ च्या सुमारास सुरू झाले आणि त्याच पट्ट्यातील झांगरहाउझेन येथील शेवटची खाण १९९० साली बंद झाली. म्हणजे जवळजवळ ८०० वर्षे माणसे त्या एका पातळ थराचा पाठलाग करीत राहिली. या काळात तेथून सुमारे २६ लाख टन तांबे आणि १४ हजार टनांहून अधिक चांदी निघाली, असा हिशेब सांगितला जातो.

हा पाठलाग कसा होत असे, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने समजून घेतले पाहिजे. थर अर्धा मीटर जाडीचा. त्याहून अधिक दगड फोडणे मालकाला परवडत नसे. म्हणून खाणकामगाराने अर्ध्या मीटरच्या फटीत कुशीवर आडवे व्हावयाचे, खांद्याखाली एक व मांडीखाली एक फळी बांधावयाची आणि मान तिरपी करून तासन्‌तास समोरचा दगड फोडावयाचा. जन्मभराच्या या कामाने माना वाकड्या होत. लोकांनी या कामगारांना नावच दिले होते ‘क्रुम्महाल्स’, म्हणजे वाकड्या मानेचे. फोडलेला माल बाहेर ओढण्यासाठी लहान मुले ठेवीत. मुलाच्या पायाला चामड्याचा पट्टा बांधून त्याला छोटी गाडी जोडलेली असे; तो त्या फटीतून सरपटत ती ओढीत नेई. आमच्या वसतिगृहातील आठवी-नववीच्या मुलांच्या वयाची ही मुले.

याच परगण्यात मार्टिन लूथर वाढला. त्याचे वडील हान्स १४८४ च्या सुमारास मान्सफेल्डला आले आणि तांबे वितळविण्याच्या भट्ट्या चालवू लागले. युरोपच्या धर्मसुधारणेचा इतिहास शिकविताना लूथरचे नाव आम्ही कित्येक वर्षे घेत आलो. त्याच्या शिक्षणाचा खर्च या काळ्या दगडातून निघाला, हे मात्र कधी सांगितले नव्हते. त्याच भागात थॉमस म्युन्त्सर या बंडखोर धर्मोपदेशकाची प्रवचने ऐकावयास खाणकामगार जात आणि मान्सफेल्डच्या सरदाराने आपल्या रयतेस तेथे जाण्यास बंदी केली होती. १५२५ साली म्युन्त्सरने कामगारांना व शेतकऱ्यांना उठावाची हाक दिली. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रांकेनहाउझेन येथे तो उठाव चिरडला गेला. १७८५ साली वॉटच्या धर्तीवरील जर्मन बनावटीचे पहिले वाफेचे यंत्रही याच परगण्यातील खाणीत, पाणी उपसण्यासाठी, चालू झाले. एका अर्ध्या मीटरच्या थराने केवढा इतिहास घडविला!

याच वाकड्या मानेच्या माणसांनी आमच्या टेबलावरील लाल दगडाला नाव दिले: ‘रोटे फॉय्ले’. अर्थ सरळ आहे, लाल कूज. काळा थर खणत जाता जाता अचानक लाल डाग दिसू लागत, पुढे सगळा थरच लाल होई आणि तांबे नाहीसे होई. कामगारांच्या दृष्टीने दगड ‘कुजला’. तेथून पुढे मजुरी बुडणार, हे त्यांना कळे. आज जगभरचे भूवैज्ञानिक आपल्या शास्त्रीय लेखनात हाच शब्द जसाच्या तसा वापरतात. ज्यांच्या हातात कधी लेखणी आली नाही, अशांनी दिलेले नाव शास्त्राने स्वीकारले, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

दगडाचा रंग का बदलतो?

आता या कुजण्याचे शास्त्र पाहू. जमिनीच्या पोटातून गरम, खारट पाणी वाहते. ते ज्या खडकांतून जाते, त्यांतील काही घटक विरघळवून नेते, काही नवे घटक मागे ठेवते आणि मूळ खनिजांच्या जागी वेगळी खनिजे तयार करते. या क्रियेला भूविज्ञानात जलतापीय परिवर्तन म्हणतात. जल व ताप यांनी झालेला बदल, एवढाच त्याचा अर्थ. अशा पाण्याने धातूचा साठा एका जागी तयार केला, तर त्या साठ्याभोवती परिवर्तित खनिजांचे वलय राहते. साठा लहान असतो, वलय मोठे असते. म्हणून साठा शोधणारा आधी वलय शोधतो. घरात हिंगाची डबी कोठे ठेवली आहे ते दिसत नाही. पण वास आला की कोणते कपाट उघडावयाचे ते कळते, तसेच हे.

ताम्रपाटीच्या बाबतीत घडले ते असे. खालच्या लाल वालुकाश्मात खारट पाणी साठलेले होते, समुद्राच्या पाण्याहून पुष्कळच अधिक खारट. त्याचे तापमान सुमारे शंभर अंशांच्या आसपास होते; ज्वालामुखीची धग नव्हे, तर खोल गाडल्या गेलेल्या खडकांची ऊब. लाल वालुकाश्मातील लोह पूर्णपणे गंजलेल्या, म्हणजे ऑक्सिडीभूत अवस्थेत असते. त्याचा लाल रंग हेमॅटाइट या खनिजाचा. अशा खडकात मुरलेले पाणीही ऑक्सिडीकारक होते. मिठातील क्लोराइडच्या साहाय्याने अशा पाण्यात तांबे, शिसे, जस्त सहज विरघळून राहतात. जमिनीतील भेगांच्या व उंचवट्यांच्या वाटेने हे पाणी वर चढले आणि काळ्या थराला जाऊन भिडले.

काळा थर पाण्याच्या अगदी उलट स्वभावाचा. त्यात कार्बनी द्रव्य होते आणि पायराइट होते, म्हणजे लोह व गंधक यांचे पिवळसर चकाकणारे खनिज. दोन विरुद्ध स्वभावांची गाठ पडताच पाण्यातील तांब्याने पायराइटमधील गंधक धरले आणि लोहाची जागा घेतली. दहावीच्या वर्गात मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवतात. थोड्या वेळाने खिळ्यावर तांब्याचा लालसर थर बसतो आणि निळे द्रावण हिरवट होते. तांबे बाहेर येते, लोह द्रावणात जाते. दोन्ही ठिकाणची रसायने अगदी एकच नाहीत. खिळ्यावर शुद्ध तांबे बसते, थरात तांब्याचे सल्फाइड तयार होते. तथापि लोहाने जागा सोडावी आणि ती तांब्याने घ्यावी, हे सूत्र दोन्हीकडे सारखे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता पायराइटचे बारीक गोल दाणे आकार न बदलता तांब्याच्या सल्फाइडचे झालेले दिसतात. घर तेच, राहणारा बदललेला.

एवढ्यावर क्रिया थांबली नाही. मागून आणखी पाणी येतच राहिले. जेथे ते प्रथम भिडले, तेथील कार्बनी द्रव्य हळूहळू खर्ची पडले. मग तेथे तांब्याला धरून ठेवणारे काही उरले नाही. आधी बसलेले तांबेही पुन्हा विरघळले आणि पाण्याबरोबर पुढच्या, अजून काळ्या असलेल्या भागात जाऊन बसले. मागे उरलेले लोह मात्र गंजून हेमॅटाइट झाले. तीच लाल कूज. ‘येथवर पाणी आले, येथून तांबे घेऊन पुढे गेले’ अशी पावती त्या पाण्याने लाल शाईत लिहून ठेवली.

टीपकागदावरील शाई

शाळेत आम्ही शाईच्या पेनाने लिहीत असू, तेव्हा टीपकागदावर शाईचा थेंब पडला की तो पसरताना वेगवेगळ्या रंगांची वलये होत. सगळे रंग सारख्या अंतरावर जात नसत. काळ्या थरातही असेच झाले. तांब्याचे सल्फाइड सर्वांत कमी विरघळणारे, म्हणून ते सर्वांत आधी बसले. शिसे त्याहून पुढे गेले. जस्त आणखी पुढे.

त्यामुळे लाल कुजीच्या कडेपासून बाहेर निघाले, तर खनिजांचा क्रम ठरलेला असतो. प्रथम हेमॅटाइटचा लाल पट्टा. त्याला लागून चाल्कोसाइट, ज्यात तांब्याचे प्रमाण सर्वाधिक. मग मोराच्या पिसासारखे रंग दाखविणारे बोर्नाइट. मग पितळी पिवळे चाल्कोपायराइट. मग शिशाचे गॅलेना. मग जस्ताचे स्फॅलेराइट. आणि शेवटी जेथवर हे पाणी पोहोचलेच नाही, तेथे मूळचे पायराइट तसेच शिल्लक. लाल कुजीच्या कडेवर कित्येक ठिकाणी सोने, प्लॅटिनम आणि पॅलॅडियमही थोड्या प्रमाणात साठलेले आढळते.

हा क्रम ठाऊक असला की एका दगडावरून दिशा कळते. खोदताना केवळ पायराइट लागले, तर आपण फार बाहेर आहोत. गॅलेना लागले, तर तांबे आतल्या बाजूस असावे. लाल कूज लागली, तर आपण तांबे ओलांडून आलो. आता मागे वळावयाचे आणि कडेकडेने शोधावयाचे. कामगारांना लाल कूज म्हणजे ‘येथे तांबे नाही’ एवढेच सांगत होती. शास्त्राने त्याच खुणेचा दुसरा अर्धा अर्थ वाचला: ‘येथे नाही, म्हणूनच शेजारी आहे.’

रेघ आडवी नाही, ही गोष्ट महत्त्वाची

या तांब्याच्या जन्माविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद चालला. चिखल साचत असतानाच समुद्राच्या पाण्यातून तांबेही खाली बसले, असे पुष्कळांचे मत होते. थर काळा, तांबे त्याच थरात, मग दोहोंचा जन्म एकत्र झाला असे वाटणे स्वाभाविकच. पण लाल कुजीने या मताविरुद्ध साक्ष दिली. तांबे व लाल रंग चिखलाबरोबरच साचले असते, तर त्यांची सीमा थरांना समांतर राहिली असती. प्रत्यक्षात लाल कूज थरांची शिस्त पाळीत नाही. ती खालच्या वालुकाश्मातून काळ्या थरात आणि तेथून वरच्या चुनखडकातही तिरपी चढत जाते. ज्या गोष्टीने तिन्ही थर कापले, ती गोष्ट तिन्ही थर तयार झाल्यावरच आली असली पाहिजे. नेमकी किती काळाने आली आणि एकदाच आली की अनेकदा, यावर अजूनही मतभेद आहेत; मात्र खालून आलेल्या पाण्याने तांबे आणले, हे आज सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

इतिहासाच्या पद्धतीशी याचे केवढे साम्य आहे! जुन्या बखरीच्या पानावर वेगळ्या शाईने केलेली दुरुस्ती मूळ ओळींवरून गेलेली असली, तर ती मागाहून झाली हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो. मजकुरात काय म्हटले आहे तेवढे पाहून भागत नाही. कोणी कोणास कापले आहे, तेही पाहावे लागते. आमच्या टेबलावरील दगडात ती वेडीवाकडी रेघ दगडाच्या पापुद्र्यांना छेदून गेली होती. ती बोटाने दाखवून तो म्हणाला, ‘सर, हे बघा, पुरावा इथे आहे.’ आम्ही चष्मा लावून पाहिले. खरोखरच होता.

खोल गेलेल्या खाणी

जर्मनीतील उथळ थर संपत आले, तेव्हा शोध पूर्वेकडे सरकला. पोलंडमध्ये यान विझिकोव्स्की या भूवैज्ञानिकाने दुसऱ्या महायुद्धानंतरची कित्येक वर्षे या थराचा माग काढला. उथळ भागातील प्रयत्नांना यश येईना, तरी त्याने हट्ट सोडला नाही. १९५७ साली शेरोशोवित्से गावाजवळ सुमारे साडेसहाशे मीटर खोलीवर विंधणयंत्राने तांब्याचा समृद्ध थर बाहेर काढला. त्यावर उभ्या राहिलेल्या लुबिन परिसरातील खाणी आज जगातील तांबे व चांदीच्या प्रमुख स्रोतांत गणल्या जातात आणि १,२०० मीटरांहूनही खोल गेल्या आहेत. त्यानंतरच्या दशकांत पोलिश अभ्यासकांनी शेकडो विंधणछिद्रांतील दगड तपासून लाल कुजीच्या क्षेत्राचे नकाशे काढले आणि तांब्याचे पट्टे त्या क्षेत्राच्या कडेने वळत जातात हे दाखवून दिले. एवढ्या खोलीवर विंधण करणे अतिशय खर्चाचे काम. म्हणून कोठे विंधावे हे सांगणारा लाल डाग लाखमोलाचा ठरतो.

इतर ठिकाणच्या खुणा

गाळाच्या खडकांतील सर्वच सल्फाइड साठ्यांभोवती लाल कूज असते, असे कोणी समजू नये. पाणी वेगळे, खडक वेगळा, म्हणजे खूणही वेगळी. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सलिव्हन नावाची शिसे-जस्ताची प्रसिद्ध खाण होती. ती २००१ साली बंद झाली. तेथे साठ्याखालचा खडक टूर्मलीन या बोरॉनयुक्त खनिजाने भरून काळा व टणक झालेला आहे, तर वरच्या बाजूस अल्बाइट व क्लोराइट ही खनिजे आढळतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात लेडी लॉरेटा येथे साठ्याच्या निकट लोहाचे कार्बोनेट असलेले सिडेराइट आणि त्याबाहेर लोहयुक्त डोलोमाइटचे वलय आहे. दोन्ही डोळ्यांना सामान्य चुनखडकासारखीच दिसतात, रासायनिक तपासणीनेच उलगडतात. आयर्लंडमधील टायना येथे चुनखडकात मँगॅनीजचे वाढलेले प्रमाण साठ्यापासून सुमारे सात किलोमीटर अंतरापर्यंत जाणवते. साठा शेताएवढा, तर वलय तालुक्याएवढे, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या देशात राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे डोलोमाइट या गाळाच्या खडकात शिसे-जस्ताची सल्फाइडे आहेत. तेथील मध्ययुगीन कारागिरांनी मातीच्या बंद मुशींतून जस्ताची वाफ खाली उतरवून ते मिळविले. वापरून झालेल्या मुशींचे प्रचंड ढीग आजही तेथे आहेत आणि जुन्या घरांच्या भिंतीही त्या मुशींनी रचलेल्या आढळतात. आपल्या घरातील पितळेच्या भांड्यात जे जस्त असते, त्या धातूचा इतका जुना व इतका मोठा उद्योग जगात अन्यत्र क्वचितच आढळेल. ज्यांनी तो चालविला, त्या सामान्य कामगारांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मुशी मात्र राहिल्या.

खाण म्हटली की आम्हांस आणखी एक गोष्ट आठवते. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली खाणीतील स्त्री-कामगारांच्या प्रसूती-लाभाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले आणि १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभारण्यात आला. जमिनीखालच्या धातूचा हिशेब सर्वच राजवटी ठेवतात. जमिनीखाली उतरणाऱ्या माणसाचा हिशेब ठेवावा लागतो, हे सांगणारे थोडे.

प्रत्येक लाल दगड बोलतोच असे नाही

हे सारे वाचून आमच्या बालविद्यार्थ्यांनी घराशेजारच्या प्रत्येक लाल दगडाखाली तांबे शोधू नये, म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. कोकणातील जांभा दगडही लोहामुळेच लाल असतो. परंतु तो खालून आलेल्या गरम पाण्याने नव्हे, तर वरून पडणाऱ्या पावसाने व उष्ण हवेने झिजून तयार झालेला आहे. ताम्रपाटीखालचा वाळवंटी वालुकाश्मही जन्मतःच लाल आहे. ती कूज नव्हे. रंग एकच, कारणे तीन. कूज ओळखावयाची तर ती मूळच्या काळ्या-करड्या खडकात मागाहून शिरलेली दिसली पाहिजे, तिची सीमा थरांना छेदणारी असली पाहिजे, हेमॅटाइटने पायराइटच्या दाण्याचा जुना आकार राखलेला असावा आणि तिच्या कडेला सल्फाइडांचा ठरलेला क्रम असावा. एका खुणेवरून निकाल देऊ नये. चार खुणा एकच गोष्ट सांगू लागल्या की मग विश्वास ठेवावा. ही सावधगिरी दगडांच्या बाबतीत जितकी योग्य, तितकीच ऐकीव इतिहासाच्या बाबतीतही.

एक फळी

तो विद्यार्थी निघाला, तेव्हा आम्ही त्याच्याजवळ त्या जुन्या पेटीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो संकोचला. ‘सर, त्यातले अर्धे दगड मी त्याच रात्री मैदानावरून परत उचलून आणले होते,’ असे त्याने सांगितले. आम्ही हसलो खरे. पण मनाला लागले. बाप ऊसतोडीला, आई रोजंदारीवर, अशा घरातून आलेल्या मुलाची उत्सुकता आम्ही केर समजून बाहेर टाकली होती आणि ती त्याने अंधारात चाचपडत वेचून आणली होती. शिक्षकाच्या आयुष्यात अशा चुका किती झाल्या असतील, याचा हिशेब आमच्यापाशी नाही. सर्वच मुलांनी टाकलेले पुन्हा उचलले असेल, असेही नाही.

प्रयोगशाळेत आता आम्ही एक फळी मोकळी केली आहे. तिच्यावर पहिला दगड तो जर्मनीहून आलेला, अर्धा काळा, अर्धा लाल. शेजारी मुलांनी ओढ्यातून आणलेल्या गारगोट्या, जांभ्याचा एक तुकडा, दगडखाणीत काम करणाऱ्या एका पालकांनी स्वतः आणून दिलेला शिरांचा काळा दगड. प्रत्येकाखाली तो कोठे सापडला, कोणी आणला आणि कोणत्या दिवशी, एवढे कागदावर लिहिलेले आहे. दगड टाकाऊ की कामाचा, हा रकाना आम्ही ठेवलेला नाही.

माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपापल्या गावाहून, कामाच्या ठिकाणाहून एखादा दगड या फळीसाठी अवश्य आणावा. विहीर खणताना, रस्ता फोडताना, खडी करताना ज्यांच्या हातांखालून रोज दगड जातात, त्यांनी तर आवर्जून आणावा. त्या दगडाला आपल्या भागात काय म्हणतात, तेही सांगावे. ते नाव आम्ही जसेच्या तसे लिहून ठेवू.